‘पंचर काढल्या जाईल’ : पाट्या, हसू आणि स्केचबुकाबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या महिन्यात मी सहज लिहिलं होतं की नागपुरात बर्डीवरून (म्हणजे सीताबर्डीवरून) घरी येताना रस्त्यात ज्या पाट्या दिसतात त्या मी वहीत उतरवून घेते आणि माझी निम्मी चित्रं तिथूनच येतात. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं, संपादकांनी गठ्ठाच आणून दिला. सगळी छापणं शक्य नाही म्हणून काही निवडली, लांब होती ती थोडी कापली, आणि दोघीतिघींनी नाव नको म्हटलं होतं म्हणून मग कोणाचंच नाव टाकलं नाही.

प्रश्न : ताई, सकाळी मुलाला शाळेत सोडा, मग ऑफिस, संध्याकाळी भाजी, ह्यातच दिवस संपतो. कॉलेजात मी मस्त स्केचिंग करायची. आता वही उघडली की काय काढू तेच सुचत नाही, एक फूल काढते, चहाचा कप काढते आणि बंद करून ठेवते. तुम्हाला पाट्यांमधून सुचतं म्हणता, मला तर त्या दिसतच नाहीत. – वाचक, मनीषनगर

दिसत नाहीत कारण आपण पाटी कामापुरती वाचतो. मेडिकल कुठे, झेरॉक्स कुठे, एवढं कळलं की डोळा पुढे. आणि रोजच्या रस्त्यावर तर तेवढंही वाचत नाही, सगळं पाठ झालेलं असतं.

एक करून बघा. सिग्नलला थांबलात ना, समोरची कुठलीही एकच पाटी धरा आणि स्वतःला विचारा की ही कोणी लिहिली, कोणासाठी लिहिली, आणि लिहायच्या आधी तिथे काय झालं असेल. हा तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा आहे. पाटी कोणी उगाच लावत नाही, काहीतरी घडून गेलेलं असतं म्हणून ती येते. आमच्या गल्लीत एक गेट आहे, त्याच्यावर आधी नुसतं ‘गाडी लावू नये’ होतं. काही दिवसांनी त्याच्या वर खडूने ‘कृपया’ आलं. मग पावसाळ्यानंतर खाली लाल पेंटने ‘लावल्यास हवा सोडल्या जाईल’. आणि आता दिवाळीपासून अगदी खालच्या कोपऱ्यात, जागा नव्हती म्हणून तिरपं, बारीक अक्षरात ‘दूधवाले सोडून’. मी ते वाचलं आणि तिथेच उभी राहून हसत बसले. एका घराचं वर्ष आहे हो ते! आधी साधी सूचना, मग विनंती, मग राग, आणि मग सकाळी साडेपाचला त्या दूधवाल्याच्या गाडीची हवा खरंच सोडली गेली असणार आणि त्या दिवशी घरात चहा झाला नसणार. घरी आल्यावर मी काढलं काय, तर तो दूधवाला. दोन्ही बाजूला कॅन लटकवलेली मोटरसायकल बरोबर गेटच्या मधोमध लावून, राजासारखा उभा. पाटी काढलीच नाही, फक्त कोपऱ्यातली ती तिरपी ओळ ठेवली.

गाडी चालवताना वही काढायची नाही, तुमच्या मागे मूल बसलेलं असतं. फक्त तीन शब्द लक्षात ठेवा आणि ऑफिसात पोचल्यावर लिहून टाका. संध्याकाळी कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत तेवढंच काढा, किराण्याच्या बिलाच्या मागे काढलं तरी चालेल. कप आणि फूल काढून कंटाळा येतो कारण त्यांच्याबद्दल तुम्हाला काही सांगायचं नसतं. दूधवाल्याबद्दल असतं.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे, हिंगणा रोडला रूम करून राहतो. मी चुकीच्या स्पेलिंगच्या पाट्यांचे फोटो काढून स्टेटसला टाकत असतो, पब्लिक लय हसते. परवा एका मैत्रिणीने म्हटलं की तू गरीब लोकांच्या चुकांवर हसून राहिला. मला तसं काही म्हणायचं नव्हतं. पण आता टाकताना हात थांबतो. ह्यात चूक काय बरोबर काय?

हात थांबतो हे चांगलं आहे. तुझी मैत्रीण पूर्ण बरोबर आहे असं मी म्हणणार नाही, पण तिने ज्या गोष्टीला बोट लावलं ती खरी आहे.

आधी हे बघ की त्यातल्या किती चुका खरंच चुका आहेत. तू पाठवलेल्या फोटोंमध्ये पहिलाच आहे ‘येथे सर्व प्रकारचे पंचर काढल्या जाईल’. त्यावर तू लाल गोल केलाय. अरे, हे आपलं बोलणं आहे! ‘केल्या जाते’, ‘दिल्या जाईल’, ‘घेतल्या जाते’, हे विदर्भात घराघरात बोलतात, तुझी आजी बोलत असेल, माझी आई बोलते, आणि मी ह्या सदरात बोलण्याच्या भरात लिहून जाते ते संपादक गुपचूप बदलतात. पुस्तकात ‘काढले जाईल’ असतं म्हणून झाडाखाली बसलेल्या माणसाने आपल्या तोंडातलं वाक्य बदलावं असं थोडंच आहे. त्या पाटीत हसण्यासारखं भरपूर आहे, पण ते ह्या ‘काढल्या’त नाही. फोटो परत बघ. कडुनिंबाच्या फांदीला टायर टांगलाय, पाटी त्या टायरच्याच आत तारेने बांधलीय, म्हणजे गोल चौकटीतला फोटोच झाला, आणि खाली एक कुत्रं नेमकं दुसऱ्या टायरच्या भोकात वेटोळं करून झोपलंय. तुला हे दिसलं नाही कारण तू गोल करण्यात गुंतला होतास.

दुसरं सांगते ते जरा लांब आहे पण सांगू दे. मी नागपूरच्या जुन्या महाल भागात वाढले. आमच्या घराजवळ एक पेंटर काका बसायचे, पत्र्याच्या पाट्या रंगवायचे. शाळा सुटली की मी दप्तर पाठीवर ठेवूनच त्यांच्या दुकानासमोर उभी राहायची. पत्र्याला आधी अस्तर, ते वाळलं की पिवळा नाहीतर पांढरा ऑइल पेंट. मग खडूच्या भुकटीत बुडवलेला दोरा पत्र्यावर दोन्हीकडून ताणून धरायचे (एक टोक बऱ्याचदा माझ्याच हातात असायचं) आणि मधोमध चिमटीत पकडून फटकन सोडायचे. सरळ पांढरी रेघ. त्याला ते सूत मारणं म्हणत. एक सूत वर शिरोरेघेसाठी, एक खाली. मग बोटांवर अक्षरं मोजायचे, मधलं अक्षर कुठलं ते काढायचे आणि तिथून दोन्ही बाजूंना जायचे, म्हणजे जागा सारखी सुटते. डाव्या हातात एक काठी, तिच्या टोकाला चिंधी गुंडाळलेली, ती पत्र्याला टेकवून तिच्यावर उजवं मनगट ठेवायचं म्हणजे ब्रश हलत नाही. अक्षर भरून झालं की उजवीकडून आणि खालून काळी शेड मारायची, की अक्षर उठून बाहेर आल्यासारखं दिसायचं. ती शेड मारताना काका श्वास रोखून धरायचे आणि मी पण धरायची.

तर एकदा त्यांच्याकडे ‘आशिर्वाद’ अशी पाटी आली, किराणा दुकानाची. मी नुकतीच शाळेत शिकले होते की शी दीर्घ. मी म्हटलं काका चुकलं. ते म्हणाले मला माहीत आहे बेटा, पण गिऱ्हाइकाने चिठ्ठी दिली तसंच लिहायचं, मी बदललं आणि त्याला नाही आवडलं तर पेंट माझ्या खिशातून जातो. मग दुकानदार आला तेव्हा त्यांनी माझ्यासमोर त्याला विचारलं की दीर्घ करून देऊ का. तो माणूस म्हणाला, नको, जुन्या पाटीवर आमच्या बाबांनी स्वतः असंच लिहिलं होतं, तसंच असू द्या.

तेव्हापासून मला चुकलेली वेलांटी दिसली की आधी तो दुकानदार आठवतो.

म्हणून माझ्यापुरता मी एकच नियम ठेवलाय. हे चित्र किंवा हा फोटो मी त्या पाटीवाल्याला नेऊन दाखवू शकते का, आणि तो माझ्याबरोबर हसेल का? हसेल असं वाटलं तर बिनधास्त टाक. तो ओशाळा होईल असं वाटलं तर ठेवून दे. आणि पाटीवरचा मोबाईल नंबर झाकत जा, तुझे दोनशे मित्र गंमत म्हणून रात्री फोन करतात आणि तो माणूस पंचर समजून उचलतो.

खरी गंमत कुठे असते त्याचं एक उदाहरण देते. गोकुळपेठ मार्केटमध्ये एका भाजीवालीच्या टोपलीवर पुठ्ठा होता, ‘ताजा सांबार १० रु.’ पुण्याहून आलेली माझी मावसबहीण तिथे थबकली आणि टोपलीत वाकून बघायला लागली की सांबार आहे कशात, पातेलं कुठे आहे. आपण कोथिंबिरीला सांबार म्हणतो हे तिला माहीतच नव्हतं! त्याच संध्याकाळी तिने फरसाणच्या दुकानात सांबारवडी मागवली आणि बरोबर इडलीची चटणी मिळेल का म्हणून विचारलं. भाजीवाली हसली, बहीण हसली, मी तर हसलेच, आणि ह्यात कोणाचंच काही चुकलेलं नव्हतं. एक शब्द दोन गावांत दोन घरं करून राहतो, बस एवढंच. त्याचं चित्र मी केलं तर बहिणीने ते फ्रेम करून तिच्या पुण्याच्या किचनमध्ये लावलं.

प्रश्न : शाळेत असताना एलिमेंट्री आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या, इंटरमिजिएटला ए ग्रेड होती. त्यानंतर पेन्सिल धरली ती आत्ता रिटायर झाल्यावर. हात थरथरतो. सुरुवात कुठून करावी? – वाचक, त्रिमूर्तीनगर

काका, पेन्सिल आणि खोडरबर घरीच ठेवा, साधं जेल पेन घ्या. पेन्सिल असली की माणूस पुसत बसतो. थरथरलेली रेघ जशी आहे तशी राहू द्या, जुन्या भिंतीची आणि जुन्या पाटीची रेघ तशीच असते, उलट तुमच्या हाताला ती आपोआप जमेल.

आणि सुरुवात झिरो माईलपासून, म्हणजे गावांची अंतरं कोरलेल्या त्या जुन्या दगडापासून करा, नागपुरात राहून दुसरीकडून कशाला करायची. तिथले चार घोडे सगळे काढतात, ते सोडा. खालचा दगड बघा. त्याच्यावर गावांची नावं आणि मैलांचे आकडे कोरलेत, हैदराबाद ३१८, जबलपूर १७०, आपलं चंद्रपूर तिथे अजून चांदाच आहे, १२५. ही पण पाटीच आहे, फक्त ब्रशऐवजी छिन्नीने लिहिलेली. एकेक अक्षर सावकाश कॉपी करा, दगडात जिथे खोल गेलंय तिथे पेन दाबा. उन्हाळ्यात सकाळी साडेसातच्या आत उठून या तिथून. ऊन वाढलं की अजब बंगल्यात जाऊन बसा, १८६३ पासूनचं म्युझियम आहे, भुसा भरलेले प्राणी आहेत आणि ते अजिबात हलत नाहीत, तुमच्यासाठी ह्याहून चांगलं मॉडेल नाही. बाकी ‘अजब बंगला’ हे नाव ज्या कोणी पहिल्यांदा तोंडात घातलं त्याला मी मनातल्या मनात रोज नमस्कार करते.

प्रश्न : पुणेरी पाट्या जगात प्रसिद्ध. त्यांची प्रदर्शनं भरतात, पुस्तकं निघतात. आपल्याकडे तसं काहीच कसं नाही? नागपूरकराला विनोद कमी आहे का?

हा प्रश्न वाचून मला जरा रागच आला, तुमचा नाही, ह्या समजुतीचा.

पुण्याची पाटी मला आवडते, तिचा एक बाज आहे, कमी शब्दांत समोरच्याला गार करायचं. पण ती एकट्या माणसाची पाटी आहे, दार बंद करून आतून लिहिलेली. आपल्याकडची पाटी रस्त्यावर येऊन बोलते. आणि तुम्ही म्हणता प्रदर्शन नाही, अहो, आपलं प्रदर्शन दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीतून निघतं आणि लाखो माणसं ते बघायला येतात! मारबतीच्या मिरवणुकीतले बडगे कधी जवळून बघितलेत का? काळी मारबत आणि पिवळी मारबत ह्या बाईच्या रूपातल्या दोन मोठ्या पुतळ्यांची परंपरा सव्वाशे वर्षांहून जुनी, त्यांचा मान वेगळा, बाया ओटी भरतात, लेकराबाळांना पाया पडायला आणतात. पण त्यांच्या मागेपुढे मोहल्ल्या-मोहल्ल्यातले जे बडगे येतात ते म्हणजे चालत्याबोलत्या पाट्याच. बांबूचा सांगाडा, पेंढा, जुने कपडे, कागदाचं तोंड, आणि गळ्यात पाटी. महागाई, रस्त्यातले खड्डे, डेंग्यू, लाचखोरी, जे वर्षभर छातीवर बसलं त्याला आकार द्यायचा, त्याच्या गळ्यात त्याचंच नाव अडकवायचं आणि ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत गावाबाहेर नेऊन जाळून टाकायचं.

मी दरवर्षी जाते. आदल्या रात्री जाते खरं तर, कारण बडगा तयार होताना बघण्यात जी मजा आहे ती मिरवणुकीत नाही, मिरवणुकीत तर धड उभं राहता येत नाही. एका वर्षी एका गल्लीत पोट्टे खड्ड्यांचा बडगा करत होते. पाटीवर काय लिहायचं ह्यावरून तासभर वाद. एकाने कविता केली, दुसऱ्याने शिवी सुचवली, तिसऱ्याने ती खोडली कारण त्याची आई खिडकीतून बघत होती. शेवटी सगळ्यात लहान, दहा-अकरा वर्षांचा असेल, तो म्हणाला, लिहा ना ‘मी इथेच राहतो’. बस. खड्ड्याच्या गळ्यात पाटी, ‘मी इथेच राहतो’. सगळे आधी एकदम गप्प झाले आणि मग जे हसले! मी तिथे दुकानाच्या पायरीवर बसून नऊ पानं काढली, त्या लहानग्याचा ब्रश धरलेला हात, खिडकीतली आई, पेंढ्यात झोपून गेलेलं एक पोरगं.

ते पुस्तकात येत नाही कारण ते दुसऱ्या दिवशी जळून जातं. म्हणून तर वही घेऊन जायचं.

प्रश्न : मी वाडीला ट्रान्सपोर्टमध्ये काम करतो. दिवसभर ट्रकच बघतो. ट्रकच्या मागचं लिहिलेलं वाचून सुचतं का काही तुम्हाला?

तुमचा हेवा वाटतो मला! श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा ४४ नंबरचा हायवे आणि सुरतेकडून ओडिशाला जाणारा ५३ नंबरचा, दोन्ही आपल्या नागपुरात भेटतात, त्यामुळे तुमच्या अंगणात पूर्ण देशाचं लिखाण येऊन उभं राहतं. काळे गोंडे, उलटा टांगलेला जुना जोडा, लिंबू-मिरची, ‘बुरी नजर वाले’, आणि ते ‘हॉर्न ओके प्लीज’. महाराष्ट्रात २०१५ मध्ये परिवहन खात्याने ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला मनाई केली, उगाच हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळतं म्हणून. कानांसाठी निर्णय बरोबरच होता, पण ती गोलगरगरीत अक्षरं काढणाऱ्या हातांसाठी मला वाईट वाटतं.

तसंच नंबर प्लेटचं. ४१४१ ला असं वळवायचे की ‘दादा’ वाचलं जायचं, २१४ चा ‘राम’. नियमात ते बसत नव्हतंच, पोलिसांना नंबर वाचता आला पाहिजे हे खरं, आणि १ एप्रिल २०१९ पासून तयार झालेल्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट लागूनच येते त्यामुळे तो खेळ आता संपला. पण आकड्यात अक्षर दिसणं हा चित्रकाराचा डोळा आहे. तो खेळ वहीवर खेळा, तिथे चालान नाही. तुमच्या ड्रायव्हर मंडळींच्या नावाची अक्षरं घ्या आणि त्या अक्षरांतच त्यांचा चेहरा काढा, ‘ग’च्या दांडीला मिशी लावा, ‘ब’च्या पोटात डबा ठेवा. जेवणाच्या सुट्टीत एकाचं काढलंत की बाकीचे स्वतः येऊन रांग लावतील बघा.

प्रश्न : पाटीवरून कार्टून नेमकं ‘बनतं’ कसं? गंमत दिसते पण कागदावर आली की मरते. – वाचक, धरमपेठ

मरते कारण आपण पाटी पण काढतो, गंमत पण काढतो आणि वर समजावून पण सांगतो. तिन्ही एकदम नको.

धंतोलीतला एक जुना बंगला घ्या. फाटकाला पत्र्याचा तुकडा, ‘खोली भाड्याने देणे आहे. फक्त फॅमिलीला.’ मी तिथून तीनदा गेले, काही नाही. चौथ्यांदा गेले तर त्याच पाटीच्या मागच्या खिडकीत एक मांजर, चार पिल्लं पोटाशी घेऊन. आता हे मिळाल्यावर पण मी तीन कागद वाया घालवले. पहिल्यात मांजरीला साडी नेसवली, बोका पेपर वाचतोय वगैरे. खूप झालं ते, ओढून आणलेलं. दुसऱ्यात घरमालक रागावलेला. त्याने चित्र दुष्ट झालं, आणि ते मालक तसे नाहीतच मुळी, मांजरीला रोज वाटीभर दूध ठेवताना मी स्वतः बघितलंय. तिसऱ्यात वर ओळ लिहिली, ‘अटी पूर्ण!’ ती खोडली. चौथ्यात फक्त पाटी, खिडकी, मांजर, आणि मांजरीची नजर सरळ आपल्याकडे, अशी की विचारा काय विचारायचं ते. बस. ते जमलं.

म्हणजे काय केलं तर पाटीचा शब्द जसा आहे तसा, अगदी अक्षरशः खरा मानला आणि मग त्या शब्दाखाली कोण उभं आहे तेवढंच बदललं. किंवा बदललं पण नाही, जे होतं ते दिसू दिलं. शि. द. फडणीसांची चित्रं काढून बसा एखाद्या दिवशी, किती तरी चित्रांत एक शब्द नाही, आणि त्यांनी बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत काढलेल्या चित्रांमुळे आमच्यासारख्यांना गणित थोडं तरी प्रेमाचं वाटलं. त्यांच्याकडून मी हे शिकले की हसू बघणाऱ्याला स्वतः सापडू द्यायचं, आपण त्याच्या हातात कोंबायचं नाही.

दोन पाट्या शेजारी आल्या की पण बघत जा. २०२२ च्या कायद्यानंतर लहानमोठ्या सगळ्याच दुकानांना मराठीत पाटी आली, त्यामुळे एकाच इमारतीवर एकाखाली एक इतकी नवी देवनागरी दिसते की वरून खाली सलग वाचलं तर गोष्ट तयार होते. ‘वधूवर सूचक मंडळ’, खाली ‘नोटरी’, त्याखाली ‘कान-नाक-घसा’. मला एकाही ठिकाणी काही जोडावं लागलं नाही, फक्त जिना काढला आणि त्याच्यावर एकच जोडपं तीन मजल्यांवर तीन वयांत.

प्रश्न : रस्त्यात उभं राहून काढायला लाज वाटते. लोक गोळा होतात.

होतात. एक चहा सांगा आणि टपरीच्या बाकावर बसून काढा, बसलेल्या माणसाभोवती गर्दी कमी होते. सकाळी तर्री पोह्याच्या ठेल्यावर तर कोणाचं लक्षच नसतं, सगळ्यांचे डोळे प्लेटमध्ये. मेट्रोत पण छान, एका स्टेशनापासून दुसऱ्यापर्यंत एक पाटी किंवा एक चप्पल, उतरलं की थांबायचं. कोणी विचारलं काय करून राहिल्या तर वही पुढे करा, लपवू नका. दुकानाची पाटी काढत असाल तर आत जाऊन सांगा की काका तुमची पाटी आवडली म्हणून काढतेय. आजवर मला एकाने पण हाकललं नाही, उलट दोन ठिकाणी खुर्ची मिळाली आणि एका सायकलवाल्याने पाटीवरची धूळ फडक्याने पुसून दिली, म्हणाला आता काढा, आता दिसते. फक्त सीताबर्डीच्या किल्ल्याच्या बाजूला किंवा कुठेही लष्कराच्या गेटसमोर वही उघडून बसू नका, तो भाग त्यांचा आहे, मान ठेवायचा.

प्रश्न : मी तिसरीत आहे. आमच्या घरासमोर सिमेंट रोड होऊन राहिला. तिथे एक तीन कोनांची पाटी आहे, त्याच्यात एक काळा माणूस फावड्याने खणतो. तो एकटाच का खणतो? त्याचे मित्र कुठे गेले?

बेटा, मी ही पाटी तू जन्मायच्या किती तरी आधीपासून बघते आहे आणि तो एकटा आहे हे मला आजपर्यंत दिसलं नव्हतं. तुझं पत्र वाचून मी मुद्दाम तुमच्या भागात येऊन ती पाटी बघून आले. लाल काठाचा त्रिकोण असतो ना, त्याचा अर्थ ‘पुढे जपून’ असा असतो, गोल पाटी म्हणजे नियम, निळी चौकोनी म्हणजे माहिती. त्रिकोणात जागा कमी, आणि गाडीवाल्याला लांबून पटकन कळलं पाहिजे म्हणून एकच माणूस काढतात. पण हे झालं पाटीचं उत्तर. त्याचे मित्र कुठे गेले ते तू म्हणशील तिथे गेले.

मी तिथे उभी होते तेव्हा दुपारचा एक वाजला होता, खरे काम करणारे सगळे मिक्सरच्या सावलीत जेवायला बसले होते आणि पाटीतला तो मात्र खणतच होता. मला वाटलं त्याला कोणीतरी हाक मारायला पाहिजे. तू मोठा कागद घे, आधी त्रिकोण काढ, मग त्रिकोणाच्या बाहेर ते सगळे काढ, डबे उघडून बसलेले. आणि त्याच्यासाठी एक डबा वेगळा ठेव, झाकण लावून. त्यात काय आहे ते बाणाने लिही आणि मला पाठव, पुढच्या अंकात छापते.